सिस्टरबाईंचा ‘या’

सासरहून परत आले तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. निफाडजवळच्या त्या घरात मी आठ महिने काढले होते. परत का आले, हे घरात कुणी सरळ विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आई शेजारणींना ‘माहेरपणाला आलीये’ म्हणायची. चौथा महिना उलटल्यावर तिने तेही सांगणं सोडलं. नाशिक रोडला प्रेसच्या क्वार्टर्समध्ये आमच्या दोन खोल्या, भिंतीला भिंत लागून शेजार. लपून काय राहणार होतं? वडील भोंगा झाला की कामावर जायचे आणि संध्याकाळी येऊन पेपर उघडून बसायचे. माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून ते पेपर वाचतात, असं मला वाटायचं.

लग्नाआधी मी नर्सिंगचा एक छोटा कोर्स केला होता. त्याच्या जोरावर काम शोधायला लागले. दिवसभर घराबाहेर राहायला मिळावं, एवढीच खरी अपेक्षा होती. ही गोष्ट नव्वदच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली.

काम मिळालं ते जेल रोडच्या पुढे, ख्रिस्ती सिस्टरांच्या एका घरात. घर लहान, बैठं, मागे पपईची चार झाडं. दोन सिस्टर शाळेत शिकवायच्या, एक स्वयंपाक आणि बाग बघायची, आणि सगळ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या एक मोठ्या सिस्टर होत्या, केरळच्या. पाचव्या सिस्टर मागच्या खोलीत खाटेवर होत्या. त्यांच्यासाठी मला ठेवलं होतं, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

त्या स्पेनच्या. सव्विसाव्या वर्षी बोटीने मुंबईला उतरल्या आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्यांनी हरसूलकडच्या डोंगरात, एका छोट्या दवाखान्यात काढली. बाळंतपणं, विंचूदंश, हगवण, चुलीत भाजलेली लेकरं, सगळं त्यांनी बघितलं. पाड्यापाड्यांवर पायी जायच्या. तिकडची माणसं त्यांना ‘सिस्टरबाई’ म्हणायची, म्हणून मग सगळेच म्हणायला लागले. मराठी बोलायच्या तीही तिकडचीच, ‘लय’ आणि ‘नाय’ घातलेली. पण ते सगळं मी ऐकलेलं. त्यांचं मराठी माझ्या कानावर कधी पडलं नाही. मी जायच्या तीन महिने आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती आणि तिच्याबरोबर वाचाही.

पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी मला खोलीत नेलं. म्हणाल्या, “यांना सगळं समजतं असं डॉक्टर म्हणतात. पण बोलता येत नाही. आवाज करतात, त्यांच्या भाषेत प्रार्थना म्हणत असाव्यात. आपल्या भाषेतला एकच शब्द राहिलाय.”

“कोणता?”

“ऐकशील आता.”

दुपारी मी पेज भरवायला बसले. तांदळाची पातळ पेज, जरासं मीठ. चार-पाच चमचे गेले असतील. सिस्टरबाईंनी डावा हात उचलला, माझ्या मनगटावर ठेवला आणि म्हणाल्या, “या.”

आवाज बसलेला होता, पण शब्द स्वच्छ होता. दारात आलेल्या पाहुण्याला म्हणावं तसा. मी खुर्ची पुढे ओढली. “आले, सिस्टरबाई,” म्हटलं आणि आणखी एक चमचा भरला.

दारात उभ्या असलेल्या मोठ्या सिस्टरांचे डोळे भरून आले. “दवाखान्याच्या ओट्यावर बसून दिवसभर हेच म्हणायच्या. या, बसा. बाकी सगळं गेलं, एवढं राहिलं.”

त्या शब्दाचा माझ्यावर काय परिणाम झाला ते आज सांगायलाही लाज वाटते. त्या दिवसांत मला ‘या’ म्हणणारं कुणी नव्हतं. सासरी ‘ए’ होतं. घरी आईचं ‘अगं, ऐकलंस का’ होतं, आणि त्याच्यामागे न विचारलेला प्रश्न. इथे सत्तरीला टेकलेली एक बाई, जिला स्वतःची कूससुद्धा बदलता येत नव्हती, मला मानाने जवळ बोलावत होती. मी रोज त्या शब्दाची वाट बघायला लागले. चार घास झाले की तो यायचा. हात माझ्या मनगटावर यायचा. मी जवळ सरकायचे आणि आणखी भरवायचे. कधीकधी त्या तोच शब्द दोनदा-तीनदा म्हणायच्या, “या, या, या,” आणि मी हसून म्हणायचे, “आले ना, इथेच तर आहे.” वाटी रिकामी झाली की मला समाधान वाटायचं. त्यांचे डोळे तेव्हा मिटलेले असायचे. दमल्या असतील, असं मी धरून चालायचे.

गणपती झाल्यावर हरसूलकडून दोन बायका आणि एक म्हातारे बाबा एसटीने त्यांना बघायला आले. पिशवीत नागलीचं पीठ होतं. त्यांना बघून सिस्टरबाईंचा चेहरा थरथरला. त्या बऱ्याच वेळ काहीतरी म्हणत राहिल्या, त्यातलं आम्हा कुणालाच काही कळलं नाही. शेवटी म्हणाल्या, “या.”

“वळखलं बघ,” थोरली बाई दुसरीला म्हणाली. “या म्हनते. अजून तशीच हाय.” आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. तिची दोन्ही बाळंतपणं सिस्टरबाईंनीच केली होती.

मग तिने स्वयंपाकघरात जाऊन आंबील केली आणि स्वतःच्या हाताने भरवायला बसली. “लय वाळल्या तुमी, सिस्टरबाई. घ्या वाईच.” सिस्टरबाई ‘या’ म्हणाल्या तशी ती आणखी पुढे सरकली. तेवढ्यात सिस्टरबाईंना जोराचा ठसका लागला. चेहरा निळसर झाला. मी त्यांना कुशीवर करून पाठीवर थापटलं. काही वेळाने श्वास नीट झाला. गहिवरून आल्यामुळे ठसका लागला, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं.

ठसके त्यानंतर वाढले. दिवाळीच्या सुमारास ताप आला. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि फुप्फुसात पाणी झालंय, अन्न श्वासाच्या वाटेने जातंय, असं सांगितलं. आठ दिवस त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. परत आणलं तेव्हा त्या आणखी हलक्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं की बसवून भरवा, सावकाश भरवा. मी सावकाश भरवायला लागले. पूर्वी वीस मिनिटं लागायची, आता तास लागायचा.

नाताळला दोन आठवडे उरले असताना मुंबईहून एक म्हाताऱ्या सिस्टर आल्या. त्याही स्पेनच्याच. काठी टेकत टेकत टॅक्सीतून उतरल्या. झटक्याची बातमी त्यांना उशिराने कळली होती, आणि मग त्यांचीच तब्येत बरी नव्हती म्हणून येणं लांबलं होतं. त्या खाटेशी बसल्या आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी बोलल्या. सिस्टरबाईंनी मान वळवली.

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सिस्टरबाई बोलायला लागल्या. अडखळत, अर्धे शब्द गिळत, पण बोलत होत्या. आम्ही इतके महिने ज्याला प्रार्थना समजत होतो ते बोलणं होतं. समोरून उत्तर येत होतं, मध्येच दोघी थांबत होत्या, पुन्हा सुरू करत होत्या. तासभर हे चाललं. मी दाराशी उभी होते.

जेवणाची वेळ झाली. मी पेज घेऊन बसले. तीन चमचे झाले, हात मनगटावर आला. “या.”

“आले,” मी म्हटलं आणि चमचा भरला.

“थांब,” पाहुण्या सिस्टर म्हणाल्या. त्यांचं मराठी मोडकं होतं, पण कळत होतं. “काय करतेस?”

“त्या बोलावतायत ना मला.”

“कोण बोलावतं?”

“आत्ता ‘या’ म्हणाल्या की.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरबाईंकडे, मग हातातल्या चमच्याकडे. त्यांच्या सगळं लक्षात आलं असावं. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “मुली, ती तुला बोलवत नाही. आमच्या भाषेत ‘या’ म्हणजे पुरे.”

मी चमचा वाटीत ठेवला. वाटी खाली ठेवली. श्रावणापासून त्या दिवसापर्यंत. दिवसातून दोनदा. प्रत्येक वेळी चार-पाच घासांनंतर त्या मला पुरे म्हणाल्या होत्या, हाताने मला दूर सारायचा प्रयत्न केला होता, आणि त्या हातात जोर नव्हता म्हणून मला ती माया वाटली होती.

पाहुण्या सिस्टर दोन दिवस राहिल्या. मी दोनशे पानी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. त्या सांगायच्या, मी देवनागरीत लिहून घ्यायचे. आग्वा म्हणजे पाणी. फ्रीओ म्हणजे थंडी. दोलोर म्हणजे दुखणं. मास म्हणजे अजून हवं. ‘या’ला त्यांनी अर्धा तास घेतला. म्हणाल्या, हा शब्द केवढासा, पण आमचं त्याच्यावाचून एक वाक्य पुरं होत नाही. ‘या’ म्हणजे आत्ता. ‘या’ म्हणजे झालं, संपलं. कुणी तेच तेच सांगत असेल तर ‘या, या’, म्हणजे कळलं, आता नको. आवडतं माणूस अपेक्षेआधी दारात आलं तर ‘या’, म्हणजे इतक्यात आलासुद्धा. ‘या नो’ म्हणजे आता नाही, पूर्वी होतं पण यापुढे नाही. आणि आतून कुणी हाक मारली तर ‘या बॉय’.

“त्याचा अर्थ काय?”

“आत्ता जाते.”

“हाक मारली तर जाते म्हणता?”

“तुम्ही काय म्हणता?”

“आले म्हणतो. आणि जाताना येते म्हणतो.”

त्या थोडं हसल्या. “हो. हिने मला पत्रात लिहिलं होतं हे. तिला फार आवडायचं.”

मी शेवटी विचारलं, “काल एवढा वेळ त्या काय बोलत होत्या?”

त्यांनी सांगावं की नाही याचा जरा विचार केला. “म्हणाली, इथल्या मुली चांगल्या आहेत. पण ऐकत नाहीत.”

त्या गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी पेज घेऊन बसले. चार चमचे झाले. मी विचारलं, “मास?”

सिस्टरबाईंनी डोळे उघडले. “या.”

मी वाटी बाजूच्या स्टुलावर ठेवली आणि तोंड पुसलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही, मायेनेही नाही. माणूस एखाद्याला पहिल्यांदा भेटतो तेव्हा बघतो तसं. मग डोळे मिटून घेतले.

मला वाटलं होतं आता सगळं सोपं होईल. पण खरं अवघड तिथून पुढे होतं. त्या ‘या’ म्हणायच्या तेव्हा मी थांबायचे, आणि त्या रोज थोड्या आधी ‘या’ म्हणायच्या. चार चमच्यांवर, मग तीनवर. एकदा पहिल्याच चमच्याला. मोठ्या सिस्टरांनी उरलेली वाटी बघितली आणि मला व्हरांड्यात बोलावलं.

“शब्द समजला म्हणून प्रत्येक वेळी ऐकायचं असं नसतं. लहान मूलही नको म्हणतं.”

“त्या लहान मूल नाहीत, सिस्टर.”

“मला माहीत आहे त्या कोण आहेत,” त्या म्हणाल्या. “मी वीस वर्षांची असताना त्यांनी मला इंजेक्शन द्यायला शिकवलं. मी त्यांना उपाशी कशी बघू?”

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. मीही चुकीचं बोलत नव्हते. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, जेवढं जातंय तेवढं द्या, आणि बॅग उचलून निघाले. मग मी दोन्ही करत राहिले. मोठ्या सिस्टर समोर असल्या की आणखी दोन चमचे द्यायचे, नसल्या की थांबायचे आणि उरलेली पेज पपईच्या झाडाशी ओतून यायचे. सिस्टरबाईंना हा फरक कळत होता. मोठ्या सिस्टर खोलीत आल्या की त्या ‘या’ म्हणतच नसत.

त्याच दिवसांत एका रविवारी निफाडहून नवऱ्याचे काका आणि आणखी दोघं मला न्यायला आले. चहा झाला. काकांनी वडिलांना समजावून सांगितलं की संसारात भांड्याला भांडं लागतंच, मुलीने जरा सोसायला हवं. आईने मला बाहेर बोलावलं आणि बॅग भरायची का, असं डोळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, “आता नाही.” काकांनी विचारलं, “मग केव्हा?” मी म्हटलं, “आता नाही म्हणजे यापुढे नाही.” दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेवढंच म्हटलं. ते गेल्यावर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वडिलांनी मात्र त्या संध्याकाळी पेपर उघडला नाही.

सिस्टरबाई जानेवारीच्या शेवटी गेल्या. थंडी खूप होती, त्या सकाळपासून ‘फ्रीओ’ म्हणत होत्या आणि मी दोन घोंगड्या घातल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमारास मी त्यांचे पाय चोळत होते. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला, दुसऱ्याला ‘या’ म्हणून तोंड बाजूला केलं आणि थोड्या वेळाने श्वास थांबला. डॉक्टरांनी हृदय थांबलं असं लिहून दिलं. हरसूलहून दोन जीपगाड्या भरून माणसं आली. आंबील भरवणाऱ्या त्या बाईने मला विचारलं, “शेवटाला कायी बोलल्या का?”

मी म्हटलं, “थंडी वाजते म्हणाल्या.”

“आन या म्हनल्या का?”

तिला मी काय सांगणार होते? तिने भरवलेली आंबील मला आठवत होती. “म्हणाल्या,” मी म्हटलं. एवढं खोटं नव्हतं.

पुढे मी एका दवाखान्यात नोकरीला लागले. घटस्फोट झाला. तीन-चार वर्षांनी मोठ्या सिस्टरांचा निरोप आला. सिस्टरबाईंची भाची स्पेनहून येणार होती, मावशीची कबर बघायला. ती इंग्रजी फारसं बोलत नाही, असं त्यांनी सांगितलं. यायला अजून सहा-सात महिने होते. मी गंगापूर रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावर चालणाऱ्या स्पॅनिशच्या क्लासला नाव घातलं. माझ्याबरोबर द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या कंपन्यांतली मुलं होती. सरांनी फळ्यावर ‘या’ लिहिला आणि पुढे इंग्रजीत ‘ऑलरेडी’ लिहिलं. मी विचारलं, “सर, पुरे असाही होतो ना?” ते म्हणाले, “होतो. पण तो बोलण्यातला वापर आहे, परीक्षेला येत नाही.”

भाची पन्नाशीची होती, शाळेत शिकवणारी. कबरीपाशी आम्ही दोघीच होतो. मी सहा महिने पाठ केलेली वाक्यं तिला सांगितली. मला ‘या’चा अर्थ माहीत नव्हता. त्या पुरे म्हणत होत्या आणि मी भरवत होते. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “किती दिवस?”

“चार महिने.”

“आणि नंतर?”

“नंतर कळलं. मग त्या म्हणायच्या तेव्हा मी थांबायचे.”

“म्हणून ती लवकर गेली?”

“माहीत नाही,” मी म्हटलं. हे वाक्य मी पाठ केलेलं नव्हतं, पण तेच खरं होतं.

तिने मला जवळ घेतलं नाही आणि दोषही दिला नाही. वाकून कबरीवरचं वाळलेलं गवत उपटत राहिली. मग पर्समधून पत्रांचा गठ्ठा काढला. मावशीने हरसूलहून आपल्या आईला लिहिलेली पत्रं. त्या पत्रांत मध्येमध्ये असे शब्द येतात की घरात कुणालाच कळत नाहीत, असं ती म्हणाली. तिची आजी, म्हणजे सिस्टरबाईंची आई, ती पत्रं घेऊन गावच्या पाद्र्याकडे जायची. त्यालाही काही सांगता यायचं नाही. मग आजी घरी येऊन म्हणायची की आपली मुलगी आता आपल्याशी बोलत नाही.

आम्ही तिथल्या बाकावर बसलो. ती एकेका शब्दावर बोट ठेवायची, मी वाचून सांगायचे. नागली. पाडा. लय. पाव्हणे. उगीच. तिने प्रत्येक शब्दाशेजारी पेन्सिलीने अर्थ लिहिला. उन्हं कलेपर्यंत आमचं तेच चाललं होतं. एक शब्द मात्र मला लागला नाही. तीन पत्रांत तो आला होता, आईला निरोप द्यायच्या ओळीत. स्पॅनिश वळणाने लिहिल्यामुळे त्याचा मूळ उच्चार काय असेल तेच कळेना. मी तो वहीत उतरवून घेतला आणि हरसूलला विचारून कळवते, असं तिला सांगितलं.

पुढच्या महिन्यात मी गेले. दवाखाना बंद झाला होता. आंबील करणारी बाई आदल्या वर्षीच वारली होती. बाजारात बसलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांना मी तो शब्द वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून दाखवला. एक म्हणाला, असा शब्दच नाय. दुसरा म्हणाला, पूर्वी असल, आता नाय कुणी बोलत. मी तसं भाचीला पत्रात लिहिलं, शब्दकोश शेजारी ठेवून, चुका करत. तिचं उत्तर आलं नाही.